घरचे वकीलसाहेब नेमके कोणाचे?

बोदवड तालुक्यातील वकील मंडळींना खुले पत्र

सन्माननीय वकील मंडळी,


आखाजीला लेकी माहेरी येतात. ज्या घरातला कर्ता माणूस वर्षभरात गेलेला असतो, त्या घरात झोके बांधण्याबरोबर कागदांचीही तयारी चाललेली असते. एक बहीण सुरतेहून आलेली, एक मलकापूरची, एक बऱ्हाणपूरला दिलेली. सगळ्या पुन्हा एकत्र कधी सापडणार, म्हणून थोरला भाऊ तुमच्याकडे येतो आणि म्हणतो, "साहेब, हक्कसोड करून घेऊ, बहिणींची काही हरकत नाही." तुम्ही मसुदा करता, फी ठरते, दुय्यम निबंधकांकडची वेळ घेतली जाते. ज्यांचा हक्क सुटणार आहे त्या बायकांची आणि तुमची पहिली भेट मात्र पुष्कळदा त्या कार्यालयाच्या व्हरांड्यातच होते.

हे पत्र त्या भेटीबद्दल आहे. मी जन्मभर शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. माझ्या हाताखालून गेलेली मुलं-मुली चाळिशी-पन्नाशीला आली, त्यांचे आईबाप जाऊ लागले, आणि "बाई, एवढा कागद जरा बघून द्या" म्हणत ती माझ्या ओसरीवर येऊ लागली. मी वकील नाही. कायदा वाचून जेवढा समजतो तेवढाच समजतो. पण सही करून मग विचारायला येणाऱ्या बायकांचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते तुमच्या कानावर घालणं मला माझं काम वाटतं. त्या म्हणतात, "आपले घरचे वकीलसाहेब होते ना तिथे." त्यांना खरंच वाटत असतं की समोर फाइल घेऊन उभा असलेला माणूस भावाचा जेवढा, तेवढाच आपलाही आहे.

माझी मागणी एवढीच आहे. माणूस गेल्यावर कुटुंब तुमच्याकडे येईल, तेव्हा पहिल्याच बैठकीत, सगळ्यांच्या देखत, तुम्ही कोणाचं वकीलपत्र घेत आहात ते सांगा. ज्यांचं घेतलेलं नाही त्यांना तेही सांगा, आणि सही करण्याआधी दुसऱ्या वकिलाला विचारून घ्या असं स्वतःच्या तोंडाने म्हणा. यात नवं काही नाही. पक्षकारांशी आपला काय संबंध आहे ते काम हाती घेतानाच उघड करावं, आणि एका बाजूचं काम केल्यावर त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने उभं राहू नये, हे बार कौन्सिलच्या नियमांत आधीपासून आहे. कोर्टातल्या दाव्यात तुम्ही ते पाळता. घरगुती वाटणीत वादी-प्रतिवादी नसतात, सगळे एकाच वाड्यातले असतात, म्हणून तिथे ते राहून जातं. आणि नेमकं तिथेच त्याची गरज सगळ्यांत जास्त आहे.

निबंधकांच्या टेबलाशी काय होतं ते तुम्ही रोज बघता, पण मी एकदा एका विद्यार्थिनीच्या आईबरोबर शेजारी बसून बघितलं. बाईचा अंगठा यंत्र घेईना. कापूस वेचून, निंदणी करून बोटाच्या रेषाच झिजलेल्या. तिने अंगठा पदराला पुसला, पुन्हा टेकवला, यंत्राने पुन्हा नाकारला. मागे रांग वाढली. ऑपरेटर म्हणाला, "मावशी, जरा दाबून." मुलगा म्हणाला, "माय, लवकर." शेवटी उमटला. मग कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं, फोटो निघाला. दस्त कबूल आहे का, असं विचारलं गेलं. तिने मान हलवली. तिचं सगळं लक्ष त्या अंगठ्याकडे होतं, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय याची तिला लाज वाटत होती. त्या कागदात तिच्या नवऱ्याच्या वावरातला तिचा स्वतःचा हिस्सा मुलाच्या नावे सुटत होता. हे तिला दोन महिन्यांनी कळलं, बँकेत पीककर्जाची चौकशी करताना. मुद्रांक लागला होता पाचशे रुपयांचा.

नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र साध्या अर्जाने मागे घेता येत नाही. फसवणूक झाली म्हणायचं, तर दिवाणी दावा लावायचा, तोही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत, आणि शाबीत करायची जबाबदारी त्या बाईवरच. नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं काम ओळख पटवण्याचं आणि कबुली घेण्याचं. त्या बाईला कोणी समजावून सांगितलं का, हे तपासणारा त्या सगळ्या साखळीत कायद्याने बसवलेला कोणीही नाही. फक्त तुम्ही आहात.

मुलींचा हक्क आता वादाचा राहिलेला नाही. महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा वाटा १९९४ मध्येच दिला, अविवाहित मुलींपुरता का होईना. केंद्राचा दुरुस्ती कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला. त्या तारखेला वडील जिवंत हवेत की नकोत, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला: हक्क जन्माने आहे, वडील त्या दिवशी हयात असायची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या सुरक्षित. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण नाडगावच्या, जामठीच्या, शेलवडच्या घराघरांत आजही असं सांगितलं जातं की लग्नात खर्च केला, म्हणजे पोरीचा हिस्सा फिटला. हे वाक्य तुमच्या टेबलासमोर उच्चारलं गेलं आणि तुम्ही गप्प राहिलात, तर बहीण समजते की कायदाही तेच म्हणतो.

आणि आई. वाटणीच्या गोष्टीत आईचा हिस्सा कोणाच्या लक्षातच येत नाही. पतीच्या मिळकतीत पत्नी ही मुला-मुलींच्या बरोबरीची पहिल्या वर्गातली वारस आहे. गेलेल्या माणसाची आई हयात असेल, तर तीही. म्हणजे घरात एखादी आजी खाटेवर असेल तर तिचाही वाटा. तरीही सगळ्यांत आधी सही घेतली जाते ती आईची, कारण ती नाही म्हणत नाही.

भावांचीही बाजू मला ठाऊक आहे, आणि ती खोटी नाही. जिवंत सातबारा मोहीम आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातून सुरू झाली आणि एप्रिल २०२५ पासून राज्यभर गेली. मयत खातेदारांची नावं निघून वारसांची लागली. पूर्वी थोरल्याचं नाव आणि पुढे ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) एवढंच असायचं, बहिणी फार तर इतर हक्काच्या रकान्यात. आता पाच-सात नावं सरळ कब्जेदार सदरी येतात. हे चांगलंच झालं. पण जो भाऊ खरोखर ते वावर कसतो, त्याला पीककर्ज काढायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात, ठिबकच्या अनुदानाला सगळ्यांची संमती लागते, आणि एक बहीण सुरतेत, दुसरीचा नवरा तिला पाठवत नाही. असा भाऊ हक्कसोड मागतो तेव्हा तो लबाडच असतो असं मी म्हणणार नाही. बऱ्याचदा त्याला दुसरा रस्ता माहीतच नसतो.

दुसरे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप होतं. बहिणीचा हिस्सा ठेवून कर्जापुरतं कुलमुखत्यारपत्र देता येतं. कौटुंबिक व्यवस्थापत्रात जमीन भावाकडे आणि त्याबदल्यात गावठाणातली बखळ, किंवा ठरलेली रक्कम बहिणीकडे, असं लिहून घेता येतं. बहिणीला खरोखर काही नको असेल, तर तिने ते समजून उमजून सोडावं, तिच्या त्या मोठेपणालाही मान आहे. तुमची विद्या इथे कामाला यायला हवी. ठरलेला मसुदा काढून नावं आणि गट नंबर बदलणं हे काम कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात होतं. त्यासाठी सनद लागत नाही.

आईच्या बाबतीत तर तुमची एकच ओळ पुरे आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ म्हणतं की सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. ती अट दस्तातच लिहिलेली असली की म्हातारीचं काम सोपं होतं. नसली की प्रांतांपुढे तिला सिद्ध करत बसावं लागतं. "आईचा तिच्या हयातीपर्यंत सांभाळ, औषधपाणी आणि राहत्या घरातला वास या अटीवर" एवढे शब्द मसुद्यात घाला. मुलगा नेक असेल तर त्याचं काही जात नाही. नसेल तर प्रांतांकडे भुसावळला चकरा मारायची वेळ आली तरी तिच्या हातात काहीतरी असेल.

आता दुसऱ्या एका गोष्टीबद्दल, जिच्यात पैसा जातो. शहरात राहणारा एखादा पाहुणा फोनवर विचारतो, "मृत्युपत्राचं प्रोबेट काढलं का?" आणि इकडे घर घाबरतं. हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती होती ती मुंबई, मद्रास ही शहरं आणि जुन्या बंगालचा मुलूख यांच्यापुरती. बोदवडचं वावर, बोदवडला केलेलं मृत्युपत्र, त्याला ती कधीच लागू नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने सक्तीचं ते कलम २१३ च काढून टाकलं. तरीही प्रोबेटच्या नावाने भीती घालून फी घेतल्याचं माझ्यापर्यंत आलं आहे. कोणी घेतली ते मी लिहिणार नाही, ती व्यक्ती हे वाचत असेल तर तिला कळेल.

खरं तर बरीचशी कामं कोर्टाची पायरी न चढता होतात, आणि हे सांगणारा वकील लोकांना देवासारखा वाटतो. सातबाऱ्यावर वारस लावायला मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज पुरतो, तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण काम तेच: वारस नोंदवही, मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. अर्ज ई-हक्कवरूनही करता येतो. बँकेचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये नवे निर्देश काढले आहेत: नॉमिनी नसला आणि वारसांत वाद नसला, तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतचा दावा साध्या कागदांवर निकाली काढायचा, सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत. अशा घराला उत्तराधिकार प्रमाणपत्राचा अर्ज करायला लावणं म्हणजे न्यायालयीन शुल्क, जाहीर नोटीस आणि कित्येक महिने त्यांच्या अंगावर टाकणं. जिथे ते लागतंच, शेअर्स आहेत, रक्कम मोठी आहे, वारसांत फाटलं आहे, तिथे जरूर करा. १८२७ च्या मुंबई विनियमाखालचा वारस दाखलाही जिथे मागितला जातो तिथे काढावाच लागतो. पण कोणत्या कामाला कोणता कागद, आणि तो बोदवडला, भुसावळला की जळगावला, एवढं पहिल्या भेटीत एका कागदावर लिहून दिलंत, तर अर्धी धावपळ वाचेल.

नॉमिनीचंही सांगा. आपल्या भागात रेल्वेत, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, दीपनगरला नोकरी केलेली माणसं पुष्कळ. त्यांच्या ठेवींवर एकाच मुलाचं नाव नॉमिनी म्हणून असतं, आणि तो मुलगा ती रक्कम आपली समजतो. ज्यांचं कालनिर्णय आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर आहे, त्या जयंत साळगावकरांच्या कुटुंबातला खटला नेमका या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल आला: शेअर्स आणि रोख्यांच्या बाबतीतही नॉमिनी हा मालक होत नाही, ती मालमत्ता वारसा हक्काने किंवा मृत्युपत्राप्रमाणेच जाते. विम्याच्या बाबतीत, २०१५ च्या दुरुस्तीआधीच्या कायद्याखाली, हेच १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात सांगून झालं होतं. सुशिक्षित, नामांकित घरात जे कोर्टात जाऊन ठरवावं लागलं, ते एनगावच्या विधवा सुनेला आपोआप कसं कळणार?

फीबद्दल बोलायला मला संकोच वाटत नाही. तुम्ही पोट भरायला बसला आहात, फी घ्या, चांगली घ्या, पण आधी सांगा आणि लिहून द्या. सातबारा झाला की इतके गुंठे, रक्कम सुटली की इतके टक्के, असा निकालावर अवलंबून करार बार कौन्सिलच्या नियमांनी निषिद्ध आहे, आणि तरी तो होतो. फी थकली म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. मूळ मृत्युपत्र, जुनी खरेदीखतं, हाताने लिहिलेले जुने उतारे ही त्या घराची आयुष्यभराची पुंजी असते. ती घेताना पोच द्या, काम झाल्यावर परत करा.

तुमच्या बाजूने मी हेही बघितलं आहे की कुटुंब तुमच्यापाशी फार उशिरा येतं. आधी गावातले चार शहाणे सल्ला देतात, मग एखादा मुद्रांक विक्रेता, मग साध्या शंभराच्या कागदावर काहीतरी वाटणीपत्र होतं, त्यावर एका भावाने पैसे उचललेले असतात, आणि हा सगळा गुंता तुमच्या टेबलावर येतो. दुसरं लग्न लपवलेलं असतं, पहिल्या बायकोची मुलगी लपवलेली असते, वर तुम्हीच चुकलात असं गावभर बोललं जातं. म्हणून याच पत्रातून घरोघरी सांगते: वकिलापासून काही लपवू नका. सगळ्या वारसांची नावं सांगा, दूरच्या बहिणीचंही. फीची पावती मागा. आणि ज्या कागदावर सही करायची, तो आदल्या रात्री घरी मागवून घ्या आणि कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.

बहिणीने वेगळा वकील करायचा म्हटलं की दोन भीती असतात: माहेर तुटेल, आणि पैसा कुठून आणायचा. पहिल्या भीतीवर कायद्यात इलाज नाही, तुमच्या बोलण्यात आहे. तुम्हीच म्हणालात की "ताई, हे मी सगळ्यांना सांगतो, दुसऱ्यालाही विचारून घ्या," तर भावाला राग धरायला जागा राहत नाही. दुसऱ्या भीतीवर मात्र इलाज तयार आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींनाही तसाच. तालुका विधी सेवा समिती आपल्याच न्यायालयाच्या आवारात असते, १५१०० हा फोन क्रमांक आहे. इतकी वर्षं हा कायदा अमलात आहे आणि माझ्या ओसरीवर आलेल्या बायकांपैकी एकीलाही तो आधी ठाऊक नव्हता.

तुमच्या संघाच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवता येतील असं मला वाटतं. हक्कसोडाचा मसुदा सही करणाऱ्याच्या हाती निदान सात दिवस आधी द्यायचा. सोडणाऱ्या प्रत्येकीशी, घरचं कोणी शेजारी नसताना, तुमच्यापैकी एका वेगळ्या वकिलाने दहा मिनिटं बोलायचं आणि तसं दस्तात नमूद करायचं. आणि १५१०० हा क्रमांक व कलम १२ ची माहिती मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दुय्यम निबंधकांच्या व्हरांड्यात लावायची परवानगी मागायची. पहिल्या दोन गोष्टींना कोणाच्या परवानगीची गरज नाही. तिसरीचा मजकूर सोप्या मराठीत लिहून द्यायला मी तयार आहे, आणि पाट्या रंगवायला माझे दोन जुने विद्यार्थी तयार आहेत. कोर्टाच्या सुट्ट्या सुरू होण्याआधी कोणत्या दिवशी बाररूममध्ये येऊ, तेवढं कळवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
बोदवड